तो काही करत नाही हो!

लिफ्टचं दार उघडतं. आत तीस किलोचा लॅब्रेडॉर, बाहेर दुधाची पिशवी हातात घेऊन भिंतीला चिकटलेले काका. “घाबरू नका, तो काही करत नाही हो!” काका मान हलवतात आणि पुढच्या लिफ्टची वाट बघत उभे राहतात. पूर्वी हे वाक्य जिन्यात नाहीतर गल्लीत ऐकू यायचं. आता मॉलमध्ये, कॅफेत, गडाच्या वाटेवर, लग्नाच्या हॉलमध्ये, अगदी विसर्जनाच्या गर्दीतही ऐकू येतं. कुत्री अंगणातून घरात आली, घरातून गादीवर आली, मग घरच्यांबरोबर सगळीकडे निघाली, हे ओघानंच आलं.

काकांची बाजू नंतर बघू. आधी ज्याच्याबद्दल हे बोललं जातं त्याची बघू. कारण ‘तो काही करत नाही’ हे बहुतेक वेळा शब्दशः खरं असतं आणि खरी गोम तिथेच आहे. कुत्रा म्हणजे अखंड उद्योगी प्राणी. नव्या जागी गेला की आधी जमीन हुंगणार, मग कोपरे, मग खांब. कान फिरवणार, जागोजागी चार-चार थेंब सोडणार, समाधान झालं की धप्पकन एका कुशीवर आडवा होणार. रविवारी संध्याकाळी सात वाजता मॉलच्या मधल्या चौकात यातलं काहीएक न करता पुतळ्यासारखा उभा असलेला कुत्रा ‘किती शहाणा’ नसतो. तो थिजलेला असतो.

जरा खाली बसून जवळून बघा. एसी चालू असूनही जीभ बाहेर आहे किंवा उलट, तोंड घट्ट मिटलंय आणि ओठांचे कोपरे मागे ताणलेत. समोर खाणं नाही, तरी थोड्या-थोड्या वेळानं जीभ नाकावरून फिरतेय. जांभई येतेय, पण झोपेची नाही. मान न वळवता तो बाजूला बघतोय, म्हणून डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची चंद्रकोर दिसतेय. वजन मागच्या पायांवर, पुढचा एक पंजा किंचित उचललेला. अनोळखी हात डोक्यावरून फिरून गेला की अंघोळीनंतर झाडावं तसं कोरडंच अंग झाडतो. आणि चकचकीत फरशीवर पंजांचे ओलसर ठसे उमटलेत. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना, आणि भीतीनंही येतो. हे ठसे एकदा ओळखता आले की सेल्फीतलं त्याचं ‘हसू’ पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही.

ज्यांना एवढं निरखायचं नाही त्यांच्यासाठी एक साधी कसोटी आहे. घरी ज्या पदार्थासाठी तो उलट्या उड्या मारतो तो खिशात ठेवायचा. पनीरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन. त्या जागी पोचल्यावर एक तुकडा पुढे करायचा. नेहमीसारखा हळुवार घेतला तर ठीक. हिसकावून, दात लागतील असा घेतला तर ताण चढतोय. हुंगून तोंड फिरवलं किंवा तोंडात घेऊन टाकून दिला, तर निघायची वेळ झाली. ‘बसून बसून सवय होईल’ हा तर्क इथे चालत नाही. खाणंही सुचत नाही एवढा घाबरलेला प्राणी काही शिकत नाही. शिकलाच तर एवढंच, की ही जागा वाईट आणि इथे आणणारं माणूस आपलं ऐकत नाही.

मॉलमधली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सरकता जिना. पायऱ्यांवर उभ्या खाचा असतात आणि शेवटी त्या खाचा पोलादी दातांच्या कंगव्याखाली जातात. आपल्या पायात जाड तळव्याचा बूट असतो. कुत्र्याची नखं आणि बोटांमधली कातडी नेमकी त्या खाचांच्या मापाची. वर पोचताना पायरी सपाट होते, माणूस पाऊल उचलतो, कुत्रा मात्र बिचकून पाय रोवतो, आणि नख किंवा अख्खं बोट कंगव्यात जातं. उतरायच्या टोकालाही हेच. तेव्हा छोटा असेल तर कडेवर, मोठा असेल तर लिफ्ट, नाहीतर सरळ साधा जिना. अडकलाच तर लीश ओढायची नाही. जिन्याच्या दोन्ही टोकांना कठड्याच्या बुडाशी लाल बटण असतं, ते आधी दाबायचं.

लिफ्टचाही एक घात आहे आणि तो आपल्या रोजच्या लिफ्टमध्येही होऊ शकतो: कुत्रा आत, माणूस फोनवर बोलत बाहेर, मध्ये लांब सुटणारी गुंडाळीची लीश, आणि दार बंद. बारीक दोरी दाराच्या सेन्सरला दिसत नाही. लिफ्ट सुटली की गळ्यातल्या पट्ट्याला फास बसतो. म्हणून आत-बाहेर करताना लीश हातभर आखूड, दोघं एकाच वेळी, आणि गुंडाळीची लीश मोकळ्या मैदानापुरती. दीड-दोन मीटरची साधी कापडी लीश आणि अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, एवढ्यावर शहरातलं नव्वद टक्के काम होतं.

कॅफेचं थोडं वेगळं. काही कुत्री कॅफेत खरंच सुखानं झोपतात, पण ती उपजत तशी नसतात, त्यांना शिकवलेलं असतं. आधी घरीच एक सतरंजी अंथरायची, त्यावर दहा मिनिटं बसणं-झोपणं जमेपर्यंत थोड्या-थोड्या वेळानं त्याच्या खाण्याचे दाणे टाकत राहायचं. मग तीच सतरंजी इमारतीच्या पार्किंगमध्ये. मग कधीतरी मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कॅफे रिकामा असताना. फक्त एक चहा मागवायचा आणि त्याची चुळबुळ सुरू व्हायच्या आत, पंधरा मिनिटांत उठायचं. टेबल कोपऱ्यातलं, तो भिंत आणि आपली खुर्ची यांच्यामध्ये, वेटरच्या वाटेवर नाही. लीश टेबलाच्या पायाला बांधायची नाही. तो दचकून उठला तर टेबल सरकतं, त्या आवाजानं तो आणखी पळतो, टेबल आणखी मागे येतं, वरची कॉफी अंगावर पडते. लीशचं टोक आपल्या बुटाखाली, उठता आणि आडवं होता येईल एवढी सैल. आणि शेजारच्या टेबलावरून लाडानं येणारं काहीही नको. ब्राउनी, मनुका घातलेला केक, गार्लिक ब्रेड, शुगर-फ्री गोळी या सगळ्या गोष्टी त्याच्यासाठी कमी-जास्त विषच आहेत. ज्यांनी यातलं काहीच न करता शनिवारी रात्री साडेआठला एकदम आणलेलं असतं, त्यांच्या टेबलाखालून तासभर भुंकणं येतं. आवरण्यासाठी बिस्किटं देतात, मग तो बिस्किटासाठी भुंकतो.

बरं, ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ ही पाटी बघून परत जावं लागलं, तर? इथे खरा जीवघेणा प्रकार घडतो. “गाडीत बसू दे, पाच मिनिटांत येतो.” एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर वड्याची रांग कधीच पाच मिनिटांची नसते. बाहेर २४ अंश, म्हणजे आपल्याकडचा थंडीतला छान दिवस, तरी उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होतात. काच चार बोटं खाली ठेवून जवळजवळ काही फरक पडत नाही. कुत्र्याचं अंग मुळात ३८.३ ते ३९.२ अंशांवर असतं. ते ४१ च्या आसपास गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. त्याच्याकडे थंड व्हायचा एकच मोठा मार्ग, धापा टाकणं, आणि आतली हवाच तापलेली असली की तोही बंद. पग, बुलडॉग, शी-त्झू अशा चपट्या नाकाच्यांची तर साध्या चालण्यातही दमछाक होते.

जीभ टोकाला फावड्यासारखी रुंद झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, लाळ चिकट आणि दोरीसारखी झाली, पाय लटपटले, की दवाखाना शोधण्याआधी पाणी. सावलीत आणा, मिळेल ते गार पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर, छातीवर सतत ओता आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. ओल्या अंगावर वारा लागला की ताप लवकर उतरतो, म्हणून दोन्ही एकदम. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, दोन मिनिटांत तोच गरम होऊन उष्णता कोंडतो. तोंडात बळजबरीनं पाणी नको. मग गाडीत घालून, एसी पूर्ण लावून दवाखान्यात. उठून शेपूट हलवायला लागला तरीही. मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसतं.

डांबरी रस्त्याचंही असंच फसवं गणित आहे. हवा ३० अंशांच्या थोडी पुढे गेली आणि ऊन लागलं की डांबर ६० अंशांपर्यंत तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची. सात सेकंद सहन झाली नाही तर त्याचे पायही तिथे नकोत. एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावरही डांबर तास-दोन तास गरमच असतं, तेव्हा खरी वेळ सकाळी सातच्या आतली. भर दुपारी देवळाच्या आवारात चपला काढल्यावर आपण ‘हाय हाय’ करत सावलीकडे पळतो ना? त्याच्या पायात चपला कधीच नसतात.

देवळाचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. कुत्र्याला देवाचं वावडं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या पायरीशी कुत्रा आहे, आणि खंडोबाला वाहिलेल्या भक्तांना आपण वाघ्याच म्हणतो. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपलेच. २०२२ मध्ये केदारनाथला एक हस्की नेला, नंदीला त्याचे पंजे टेकवले, व्हिडिओ पसरला आणि मंदिर समिती भडकली. बहुतेकांची चर्चा सोवळ्या-ओवळ्याभोवती फिरली. मला मात्र गौरीकुंडापासूनची चढण, खेचरांची रांग, घोषणा आणि गर्दी आठवली. काही जण अशा वेळी युधिष्ठिराचा दाखला देतात. पण त्याच्या मागे आलेला कुत्रा आपल्या पायांनी आला होता, त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता.

आवाजाबद्दल मी अजिबात सवलत देणार नाही. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. ताशाच्या कडकडाटातलं, झांजांमधलं जे आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही ते त्याला पोचतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. विसर्जनाला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर १०० च्या पुढचे आकडे नोंदले गेलेत. लग्नाच्या हॉलमध्ये तर डीजेचे मोठे स्पीकर जमिनीवरच मांडलेले असतात, म्हणजे आपल्या छातीत धडधडतं ते त्याच्या बरोबर कानासमोर. त्याच्या अंगात शेरवानी, गळ्यात अंगठीची डबी, आणि सगळे म्हणणार, “कसा छान उभा आहे!” अशा ठिकाणी हार्नेसमधून मागे सरकत निसटलेली कुत्री रात्रभर पळतात आणि दोन-तीन किलोमीटरवर, ओळखीचा वास नसलेल्या जागी सापडतात, किंवा सापडत नाहीत. फोटो हवाच असेल तर सकाळी, मांडव रिकामा असताना, दहा मिनिटं. मग घरी.

आपल्याकडचा एक प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाही: वाटेतल्या गल्ल्या. मंडई असो वा खाऊगल्ली, तिथे आधीपासून कुणाचीतरी सत्ता असते. भटक्यांच्या टोळीची हद्द एखाद्या पानटपरीपासून दुसऱ्या चौकापर्यंत पक्की असते आणि पट्ट्यात बांधलेला पाहुणा ना पळू शकत ना नीट नमस्कार करू शकत. कुत्र्यांचा नमस्कार अर्धवर्तुळात, बाजूनं येऊन होतो. लीश त्याला नाकासमोर सरळ चालवते, आणि ते त्यांच्या भाषेत आव्हान असतं. समोरची टोळी उठून उभी राहिली की थांबायचं, लीश न ताणता, पाठ न फिरवता, तिरकं मागे निघायचं. पळायचं नाही. मूठभर दाणे त्यांच्या दिशेनं जमिनीवर फेकले की नाकं खाली जातात, तेवढा वेळ पुरतो. छत्री असेल तर मध्ये उघडून धरायची. तीन-साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला तर अशा रस्त्यावर चालवूच नये. लशींचा पहिला क्रम साधारण चार महिन्यांपर्यंत चालतो, आणि पार्वो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. कडेवर घेऊन दाखवा जग, हवं तेवढं.

पावसाळा आला की गड. खरं तर कुत्र्याला डोंगर आवडतो, मॉलपेक्षा कितीतरी जास्त. पण कुठला गड, ते बघावं. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर माणसांचीच कोंडी होते. शिडीच्या गजांमधून कुत्र्याचा पाय खाली जातो, आणि चढवलेला लॅब्रेडॉर उतरताना तीस किलोचं ओझं होतो. ते ओझं पाठीवर नेता येईल का, हा प्रश्न पायथ्याशीच विचारायचा. उत्तर ‘बघू’ असेल तर दुसरा डोंगर निवडायचा. बरोबर एक जाड चादर हवीच, पोटाखालून घालून दोघांनी उचलायला. पाणी: बसल्या जागी त्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर लागतं, म्हणजे तीस किलोला दीड-पावणेदोन लिटर. चढणीवर हे दुप्पट धरा आणि स्वतःच्या बाटलीत धरू नका. टाक्यातलं पाणी तर नाहीच. गडावरची टाकी ही पिण्याची असतात. गडावरचे लोक, झोपडीत ताक विकणाऱ्या मावशी त्यावर असतात. भिजलेला कुत्रा टाक्यात पोहताना व्हिडिओत गोड दिसतो आणि पुढे आठवडाभर लोक तेच पाणी गाळून पितात. डबक्यातलं पाणी त्याच्यासाठीही वाईट, उंदराच्या मुतातून येणारा लेप्टो पावसाळ्यातच बळावतो. परतल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचिड्या शोधायच्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ट्रेक झाल्याचं आवर्जून सांगायचं.

हरिश्चंद्रगड, भीमाशंकर हे अभयारण्यात येतात हे अनेकांच्या गावीही नसतं. तिथे प्रश्न आपल्या कुत्र्याच्या भुंकण्याएवढाच नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये सर्रास असणारा रोग. दुसऱ्या बाजूनं बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपं जेवण. तंबूबाहेर बांधून ठेवणं हे राखण नव्हे, आमिष.

किनाऱ्यावरही तेच, फक्त खाणारा बदलतो. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली. साधारण नोव्हेंबरपासून मादी रात्री येते, हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, ती उबायला पन्नासेक दिवस लागतात. अंडी कुंपणात हलवण्याचं एक मोठं कारण म्हणजे कोल्हे आणि कुत्री. दिवाळीपासून मेपर्यंत कोकण-गोव्याच्या अशा किनाऱ्यांवर पहाटे कुत्रा मोकळा सोडणं म्हणजे त्या मेहनतीवर पाय देणं, मग तो ‘फक्त उकरतोय’ का असेना.

आता काका. कायद्यानं सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात, आणि हे बरोबरच आहे. पण निष्काळजीपणे प्राणी सांभाळून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे फार कमी जण वाचतात. लसीकरण पूर्ण असलेल्या कुत्र्याचा दात निसटता लागला तरी काकांना सरकारी दवाखान्यात ०, ३, ७ आणि २८ या दिवशी सुया घ्यायला जावं लागतं. चार सकाळी, चार रांगा. ज्याला लहानपणी चावलंय त्याच्यासाठी ‘तो काही करत नाही’ हे वाक्य म्हणजे समोरच्यानं आपली भीती खोटी ठरवणं. त्याऐवजी दोन शब्द पुरतात: “तुम्ही जा.” घाई असेल तर कुत्रा लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, मध्ये आपण. लहान मुलांचं खेळायचं वाळूचं मैदान मात्र पूर्ण वर्ज्य. विष्ठा उचलली तरी जंतांची अंडी वाळूत उरतात, आणि मुलं त्याच हातांनी भेळ खातात.

“पण घरी एकटा कंटाळेल ना!” मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो, आपण तीन तास बाहेर गेलो तर त्यातले अडीच झोपेत जातात. निघायच्या आधी अर्धा तास खाली, सैल लीशवर, चालणं कमी आणि हुंगणं जास्त, त्याला हवं तिथे थांबत. आल्यावर पाणी. मग पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात दाबून भरून आदल्या रात्री गोठवलेला असतो, तो द्यायचा. चाटून संपवायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि चाटण्यानं तो आपोआप शांत होतो. पंखा चालू, गॅलरीचं दार बंद, दाराशी निरोपाचा सोहळा नाही. लहान वयात हे दोन मिनिटांपासून वाढवत नेलं तर पुढे जड जात नाही.

परत आल्यावर तो आधी नाचतो आणि मग, दारातच, सगळ्यांचे बूट हुंगायला घेतो. तळवे, शिवणी, लेस, पुन्हा तळवे. सरकत्या जिन्याचं तेल, पॉपकॉर्नचं लोणी, तीनशे अनोळखी पाय आणि पार्किंगमधलं एक मांजर. सगळा मॉल तो दोन मिनिटांत फिरून येतो आणि सतरंजीवर जाऊन पडतो.